रुमालाखालचा दर

मित्रांनो, मी रुमाल. खिशात घडी घालून ठेवतात आणि नाक पुसतात तो नव्हे. त्याच्याशी माझी सोयरीकसुद्धा नाही. मी खांद्यावरचा रुमाल. जाड सुताचा, ऐसपैस, दोन्ही बाजूंना तांबडा काठ असलेला. आता जुना झालो, मळलो, एका कडेला लाखेचा डाग पडला. पण सूत अजून पक्कं आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

कर्नाटकात, जोयड्यातल्या एका सरकारी कचेरीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर मी असतो. माझ्या पोटात कागदांचा गठ्ठा कोंबलेला आहे आणि माझीच चार टोकं ओढून माझ्याच अंगावर गाठ मारलेली आहे. उन्हाळ्यात कपाट तापतं, मी भाजतो. पावसाळ्यात कपाटाला घाम येतो, मी भिजतो. दार उघडलं की वाटतं, आज आपली सुटका. पण हात दुसऱ्याच गठ्ठ्याकडं जातो आणि दार पुन्हा लागतं. बाहेर रस्त्यावरून दांडेलीची बस जाते, तिचा हॉर्न ऐकू येतो. तेवढंच काय ते माझं जग उरलंय.

माझा अपराध काय म्हणाल, तर मी हात झाकत होतो. झाकणं हाच माझा धंदा होता. पण थांबा, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल.

माझा जन्म बेळगावजवळच्या शहापुरातला. लक्ष्मी नावाच्या बाईनं मला मागावर विणलं. सूत तुटलं की ती मागाला शिव्या घालायची. माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द तेच, त्यामुळं माझी जीभ थोडी तिखट आहे, ते गोड मानून घ्या. दुकानात टांगलो, तेव्हा एक उंच, सडपातळ माणूस आला. त्यानं मला उचललं, आपल्या हातावर पसरलं, आत बोटं हलवली आणि दुकानदाराला म्हणाला, "बघा हो, बोटं हललेली दिसत्यात काय?"

"काय बी दिसत न्हाई," दुकानदार म्हणाला.

"मग हाच द्या."

घासाघीस न करता त्यानं मला घेतलं. तो रामचंद्र दलाल. मूळचा खानापूरचा, पण बाजार रामनगरचा. लहानथोर सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्याच्या खांद्यावर मी बसलो आणि त्या दिवसापासून मला माझ्या जन्माचं सार्थक वाटू लागलं. अण्णाच्या अंगाला तंबाखूचा आणि घामाचा वास यायचा. तुम्ही नाक मुरडाल, पण आज तो वास नुसता आठवला तरी माझा जीव गलबलतो.

रामनगर हे नव्यानं बसलेलं गाव. सुपा धरणाचं पाणी चढलं, तेव्हा खालच्या गावांतली माणसं उठून इथं आली. खानापूर-बेळगावकडचे व्यापारी आले, डोंगरातले कष्टकरी आले, आणि बघता बघता बाजार भरू लागला. मिरी, सुपारी, काजू, कोकम. माल पोत्यात असायचा, पण दर मात्र माझ्या पोटाखाली ठरायचा. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. दोघांचे हात एकमेकांत, वर मी. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. दहा की शंभर, ते दोघांनाही ठाऊक असायचं. वरून माणसं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असायची आणि खाली बोटांची झटापट चालायची. शेवटी हात घट्ट मिळाले की सौदा पटला. काय दर पटला, ते तिसऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं, पण मी कुणाला सांगणार? आणि तुम्हालाही सांगणार नाही. धंद्याचं इमान मी अजून सोडलेलं नाही.

ह्या कामाचा एकच नेम होता. रुमालाखाली खोटं बोट दाबायचं नाही. वर तोंडानं वाटेल ते बोला, "परवडत न्हाई" म्हणून रडा, देवाच्या आणाभाका घ्या, बाजारात त्याला कुणी खोटं म्हणत नसे. पण रुमालाखालचं बोट म्हणजे बोट. एका सुपारीच्या व्यापाऱ्यानं एकदा आत एक दर दाबला आणि हात बाहेर काढून दुसराच सांगितला. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी मारायला धावलं नाही. पुढच्या बाजारी त्यानं माझ्याखाली हात घातला आणि तो कुणी धरलाच नाही. सगळे इकडं तिकडं बघत उभे. त्याचा हात माझ्याखाली एकटाच वाट बघत होता, आणि मी त्याच्यावर पडून होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्याच दिवसांत तो दुकानाला कुलूप लावून निघून गेला.

आता फुलाची गोष्ट. नव्वद सालच्या आधीमागची.

दसऱ्याच्या बाजाराला एक बाई थेट अण्णासमोर येऊन उभी राहिली. काळीसावळी, काटक, डोक्यावर टोपली. टोपलीत मिरीचे हिरवे घोस. "अण्णा, मी फुला. कॅसलरॉकच्या वाटंवर आमचं घर हाय. माझ्या मिऱ्याचा सौदा करून द्या."

"घरचं कोण बापय आलाय?" अण्णानं विचारलं.

"दीर हाय, नागू. पर वेल माझे. गाव बुडायच्या आधी मी मिरवेलीचे तुकडे काढले आनी वल्या पोत्यात गुंडाळून आणले. लोक भांडीकुंडी आणूलालते, मी वेल आणूलालते. सगळे हसले. लावल्यावर कितीक मेले, थोडे जगले. औंदा पयल्यांदा वेल भरलाय. त्या गावाचं आता एवढंच शिल्लक हाय, बघा."

भोवतीच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. बाईमाणूस रुमालाखाली हात घालणार? असं कधी झालं नव्हतं. घेणारा होता बाबुराव शेट, गोरागोमटा, हसतमुख, बोटात तांब्याचं वळं. तो मागं सरकला. "अण्णा, परक्या बाईचा हात मी धरणार न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"नको धरू की," अण्णा म्हणाला. "मिरी तिची, तवा हात बी तिचाच. मी मधी बसतो. माझा एक हात तू धर, एक ती धरंल."

आणि तसंच झालं. अण्णा मधे बसला, दोन्ही हात पसरले, मला दोघांवर ओढून घेतलं. एकीकडून बाबुरावाची मऊ बोटं आणि गार वळं, दुसरीकडून फुलाची वेलीच्या चिकानं काळी पडलेली खरखरीत बोटं. बाबुराव दाबायचा, अण्णा तेच फुलाच्या हाती पोचवायचा. फुला नकार द्यायची, आणखी एक बोट धरायची. बराच वेळ हे चाललं. वर फुला नुसती टोपलीकडं बघत होती. शेवटी दोन्हीकडून एकच दर आला आणि अण्णानं मान हलवली. शिमग्यानंतर वाळवलेली मिरी आणून द्यायची, त्या दरानं बाबुरावानं घ्यायची. सौदा झाला.

बाबुरावानं लगेच खिशातून विसाराची नोट काढली. विसार दिला-घेतला की सौद्याची चार लोकांत खूण राहते. पण फुलानं हात मागं घेतला.

"न्हाई घेणार. पयला दाणा देवाम्होरं ठेवल्याबिगर त्याचा पैसा हातात घ्यायचा न्हाई, आमच्या घरची रीत हाय."

"अगं, नुसती खूण म्हणून घे," अण्णा म्हणाला.

"हात दिला न्हवं? मग खूण कशाला?"

बाबुराव हसला आणि नोट परत खिशात गेली. मित्रांनो, त्या वेळी मलाही हे फार आवडलं. पण तीच नोट पुढं फुलाच्या गळ्याशी आली.

झालं काय, बाबुरावानं फुलाच्या मिऱ्याचा तो सौदा पुढच्याच बाजारी दुसऱ्याला विकला. मिरी नव्हे, नुसता सौदा! मिरी अजून वेलावर हिरवीगार लोंबत होती. ज्यानं घेतला त्यानं तिसऱ्याला दिला. लाडू किराणावाल्यानं घेतला, विकला, परत घेतला. कुणाला पोतं नको होतं, दाणा नको होता. लोंढा स्टेशनावरून पेपर आला की त्यातला दर बघायचा, आपला दर बघायचा आणि मधला फरक खिशात घालायचा किंवा खिशातून काढायचा. ह्याला ते वायदा म्हणायचे. पण खऱ्या सौद्याला जी बोटं, तीच ह्या नुसत्या आकड्याच्या सौद्यालाही. माझ्याखाली दोन्ही सारखेच दिसायचे. मी दिवसभर घामानं भिजायचो आणि कंटाळून जायचो.

माघ संपता संपता मिऱ्याचा दर पडू लागला. रोज थोडा थोडा पडत पार तळाला गेला. सगळे सौदे उलटत उलटत पुन्हा बाबुरावाच्या गळ्यात येऊन पडले. शिमगा झाला आणि फुला बैलगाडी घेऊन आली. खडखडीत वाळलेली काळी मिरी, पोत्यांची तोंडं सुतळीनं शिवलेली. आल्या आल्या तिनं अण्णाच्या ओंजळीत मूठभर मिरी घातली. "देवाम्होरं ठेवलेली हाय. तुमी मधी बसला म्हणून." अण्णानं ती माझ्या एका कोपऱ्यात गाठ मारून बांधली. मग तो बाबुरावाकडं वळला. "शेट, माल आलाय. उतरून घ्या."

बाबुराव इकडं बघेना, तिकडं बघेना. "आज जागा न्हाई. उद्या बघू. परवा बघू."

हे चाललं होतं, तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, पोलीस उतरले. धावपळ झाली. जो तो हात ओढून घेऊ लागला. वायद्याचे बेकायदा सौदे चालतात, अशी खबर त्यांना लागली होती. अण्णाच्या खांद्यावरून मला एका पोलिसानं खेचलं. आणि तिथंच उभी असलेली फुलाची पोती सौद्याचा माल म्हणून जप्त झाली.

मला तपकिरी कागदात गुंडाळलं. सुतळी बांधली, वर लाख ओतली. लाखेचा चटका अजून माझ्या अंगावर आहे. कागदात अंधार, श्वास कोंडलेला, आणि कोपऱ्यात मिऱ्याचा वास. जवळच्याच एका गोदामात फुलाच्या पोत्यांशेजारी मला टाकलं. गोदामाचं कौल फुटकं होतं. वळवाची एक सर आली आणि एक पोतं खालून भिजलं. मला त्याचा वास येत होता. चांगल्या मिऱ्याचा वास नाकात झोंबतो. बुरशी धरलेल्या मिऱ्याचा वास ओल्या भिंतीसारखा येतो. बघता बघता दोनेक महिने गेले, मृग आठ-पंधरा दिवसांवर आला. एकदा तो लागला की आमच्या भागात महिनोन्महिने ऊन दिसत नाही. पोती तोवर सुटली नाहीत तर ती सगळी कुजणार होती. बुडत्या गावातून फुलानं उचलून आणलेलं ते एवढं, पुन्हा पाण्यात जाणार होतं. आणि आम्ही दोघंही, ती पोती आणि मी, कुलपाच्या आत. काय करणार?

फुला रोज यायची. गोदामाच्या दाराला कान लावून बसायची. पहारेकरी परशू तिला म्हणायचा, "अक्का, घरी जा. मला उघडता येत न्हाई." ती म्हणायची, "उघडू नगंस. पाणी गळतंय काय, तेवढं सांग." तो काय सांगणार बिचारा? तोही बाहेरच होता. ती दाराच्या फटीत नाक खुपसून हुंगायची आणि एक दिवस हुंगता हुंगता रडायला लागली. मला ते सगळं ऐकू येत होतं.

मग चौकशी लागली. बाजारातल्याच एका पडवीत. साहेबांपुढं टेबल, टेबलावर मी, कागदातून सोडवलेला. इतक्या दिवसांनी उजेड दिसला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सगळे व्यापारी हजर. अण्णा भिंतीशी उभा, खांदा रिकामा.

साहेब कन्नड मुलखातले. मराठी समजायची, बोलायचे तुटक. पण माणूस समजूतदार होता. ते म्हणाले, "खरा माल देणार, खरा माल घेणार, तर तुमचा सौदा तुमचा. मी कशाला येतो? वायदाच करायचा तर सरकारची परवानगी असलेला मिऱ्याचा बाजार कोचीनला आहे. तिथं नाव लिहितात, अनामत ठेवतात, कर भरतात. इथं मिरी वेलावर आणि सौदा दहा जणांच्या हातात. नोंद नाही, कर नाही, बाजार समितीचा सेस नाही. एक पळाला तर नऊ बुडाले. मग जाब कुणाला विचारायचा? ह्या टॉवेलला?"

टॉवेल! मला टॉवेल म्हणाले! पण बाकी बोलणं खोटं नव्हतं, हे मला कबूल आहे.

साहेबांनी बाबुरावाला विचारलं, "ह्या बाईच्या मिऱ्याचा सौदा खरा, की नुसता आकड्याचा?"

आणि बाबुरावानं हात जोडून काय सांगावं? "साहेब, गुन्हा कबूल. आकड्याचाच. माल मला घ्यायचाच नव्हता. दंड सांगा, भरतो."

मला पहिल्यांदा कळेचना. कुणी आपणहून गुन्हा कबूल करतं का? मग उलगडलं. दंड किरकोळ होता. सौदा खरा ठरला, तर दसऱ्याच्या चढ्या दरानं सगळी मिरी घ्यावी लागली असती. शब्द पाळण्यापेक्षा गुन्हेगार होणं त्याला स्वस्त पडत होतं. वा रे शेट! आणि त्याचा सौदा आकड्याचा म्हणजे फुलाही त्यात सामील, तिची मिरी जुगारातला माल. ती सुटणार कधी? केस संपल्यावर. आणि मृग तर दारात.

"खोटं बोलतोय हा!" फुला ओरडली. "दर ठरवून हात दिलाय त्यानं!"

"विसार दिला होता?" साहेबांनी विचारलं.

"मीच घेतला न्हाई."

"साहेब," बाबुराव म्हणाला, "ह्या बाईच्या हाताला मी बोट जरी लावलं असलं तर सांगा. विचारा सगळ्यांना."

सगळ्यांनी 'न्हाई' म्हणून माना हलवल्या. कारण ते अक्षरशः खरं होतं. हात मधल्याचे होते.

साहेब अण्णाकडं वळले. "तू मधे होतास. बोल."

अण्णा भिंतीपासून पुढं आला. तो बोलला असता तर फुला सुटली असती. पण रुमालाखालचं वर बोलला, की उभ्या आयुष्याचं इमान गेलं. "साहेब," तो म्हणाला, "मला तुरुंगात घाला. रुमालाखालचं मी वर सांगत न्हाई. कुणाचंच कधी सांगितलं न्हाई."

"अण्णा!" फुला त्याच्यापुढं गेली. "माझी मिरी कुजूलाल्या तितं! इमान इमान काय करूलालाय? तुमच्या इमानाला बुरा धरला की!"

अण्णानं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर जाऊन बसावंसंही वाटलं.

साहेबांनी मला टेबलावरून उचलून उलटसुलट करून बघितलं. मग अण्णाला म्हणाले, "दर नको सांगू. बसला कसा होतास, ते सांग. तेवढं तर चालेल?"

"मधी. दोन्ही हात पसरून."

साहेब खुर्चीतून उठले, खाली जाजमावर येऊन बसले आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "मग मी मधे बसतो. शेट, उजवीकडं. अक्का, डावीकडं. आधी बोटांची रीत मला सांगा. मग दसऱ्याला जो दर ठरला, तो दोघांनी एकदम दाबायचा. सौदा झालाच नसेल तर शेट, तुमचं बोट आणि अक्काचं बोट जुळणार कसं?"

सगळा बाजार जवळ सरकला. बाबुरावाला नाही म्हणता येईना. नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत हात मागं घेणं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. तो बसला.

"रुमाल मात्र मीच घालणार," अण्णा म्हणाला आणि त्यानं मला दोन्हीकडच्या हातांवर पसरलं.

"आयतु, झालं," साहेब म्हणाले. "दाबा."

फुलाची बोटं लगेच मिटली. पक्की, खरखरीत, जशीच्या तशी. बाबुरावाचा हात घामानं ओला झाला होता. त्यानं साहेबांचं एक बोट धरलं, सोडलं. दुसरं धरायला गेला. मला कळलं, हा आजच्या पडलेल्या दराकडं निघालाय. नाहीतर काहीच्या बाही दाबून मोकळा होणार. मी सुताची ताकद लावून त्याच्या हातावर पडलो, पण रुमालाला कुणाचं बोट धरता येतं का? तांब्याचं वळं माझ्या सुताला घासत राहिलं. आणि मला तो सुपारीवाला आठवला, माझ्याखाली एकटाच राहिलेला हात. बाबुरावालाही तोच आठवला असणार. कारण त्या दिवशी हात न धरणाऱ्यांत तोसुद्धा होता.

त्यानं डोळे मिटले आणि दाबलं. खरं दाबलं.

साहेब एकदा उजवीकडं बघतात, एकदा डावीकडं. मग दोन्ही हात बाहेर काढून म्हणाले, "सारखाच."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब दलाल झाले की हो!" आणि सगळी पडवी हसली. साहेबही हसले. बाबुराव मान खाली घालून म्हणाला, "बाईच्या हाताला बोट लावलं नव्हतं साहेब, ते खरंच हाय. पर अण्णाच्या हाताला लावलं होतं." फुला तिथंच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

साहेबांनी लिहून दिलं, की ह्या दोघांतला सौदा खऱ्या मालाचा, पोती सोडावीत. पुढं जे सौदे आकड्याचे फिरले, त्यांत बाबुरावासकट सगळ्यांना दंड. त्याच संध्याकाळी परशूनं गोदाम उघडलं. बाबुरावानं सगळी पोती दसऱ्याच्या दरानं घेतली. बुरशी धरलेलं पोतं अण्णानं बाजूला काढलं, तर बाबुराव म्हणाला, "ते बी टाका गाडीत." 

अण्णानं मला घ्यायला हात पुढं केला. साहेब म्हणाले, "थांब. हा आता पुरावा झाला. मी निकाल दिला तो ह्याच्या जोरावर. हा कागदांबरोबर राहील. केस मिटली की परत."

"देतील अण्णा," फुला म्हणाली. "मी सोडवून आणीन. माझ्यासाठनं अडकलाय न्हवं?"

केस मिटली की! दंड झालेल्यांनी वर अर्ज केला, मग त्याच्या वर अर्ज केला. त्या साहेबांची बदली झाली. कागद वाढत गेले, फुगत गेले, आणि एके दिवशी कचेरीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की ह्या कागदांना बांधायला एक चांगला जाड रुमाल ह्याच गठ्ठ्यात आहे. झालं. ज्यानं जन्मभर कागदाचं तोंड बघितलं नाही, त्याच्या पोटात कागद बसले. बाजारात रुमालाखालचे सौदे बंद झाले. आता तोंडानं पुकारून, सगळ्यांना ऐकू जाईल असा लिलाव होतो म्हणे. चांगलंच आहे. विसार नाकारणाऱ्या फुलांना ते बरं पडत असेल.

फुला मात्र दर साली मिरी विकून झाली की यायची. कपाटाच्या आतून मी तिचा आवाज ओळखायचो. "आमच्या अण्णाचा रुमाल सोडताय काय?" कारकून भला माणूस होता, तिला बसायला स्टूल द्यायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "अजून निकाल न्हाई अक्का."

मग एका साली ती पावसात आली. अवेळी. आवाज बसलेला.

"अण्णा गेला," ती म्हणाली. "दुपारच्याला न्ह्यायचं हाय. शेवटचा त्याच्या अंगावर घालूया म्हणून रुमाल न्ह्यायला आले. ह्यो बघा, कागद बांधायला नवा टावेल आणलाय मी. चांगला जाड हाय."

कारकुनानं कपाट उघडलं. मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता गाठ सुटणार. त्यानं वरचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अक्का, इथं लिहिलंय, तांबड्या काठाचा रुमाल एक. तुमचा टावेल निळ्या काठाचा. मी काय करू? माझी नोकरी जाईल हो."

फुलानं नवा टॉवेल टेबलावर ठेवला. मला घ्यायला आलेली ती, मी पुढ्यात, मधे एक गाठ. अण्णा घरात पडलेला. तिनं हळूच हात पुढं केला आणि माझ्या पदराखाली सरकवला, कागदांच्या आणि माझ्या मधे. बोटं तीच, चिकानं काळी पडलेली. आता जरा वाकडी झालेली. तिनं तिथं दर दाबला. तोच, दसऱ्याचा. आणि वाट बघितली.

पलीकडून धरायला हात नव्हता.

मग तिनं हात काढला, नवा टॉवेल काखेत मारला आणि पावसात निघून गेली.

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यात अण्णानं बांधलेली मिरी अजून आहे. तिच्या वासानं कसर माझ्याकडं फिरकत नाही, म्हणून मी अजून धड आहे. मला सोडवा, असं मी म्हणत नाही; ते तुमच्या हातात नाही. पण कधी एखाद्या कचेरीत कागद आवळून बसलेला जुना रुमाल दिसला, तर नुसतं नाक मुरडून जाऊ नका. क्षणभर माझ्याखाली हात घाला आणि एखादं बोट दाबा. कुठलंही दाबा, पण खरं दाबा. मी कुणाला सांगणार नाही.